हिटाइट मूळचे कुठले, आणि बोगाझकोयचे वैदिक देव कोणाचे?

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत. आजच्या तुर्कस्तानात प्राचीन काळी राज्य करणारे हिटाइट लोक मूळचे कुठले आणि त्यांचे साम्राज्य एवढे मोठे कसे झाले, हा पहिला प्रश्न. त्यांच्या राजधानीच्या जागी, बोगाझकोयला, सापडलेल्या ‘शिलालेखात’ मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य (म्हणजे अश्विनीकुमार) यांची नावे आहेत, तर हे लोक भारतातून तिकडे गेलेले आर्य मानावेत का, हा दुसरा. मराठी बायबलात ज्यांना ‘हित्ती’ म्हटले आहे ते हेच का, हा तिसरा. तिसऱ्याचे उत्तर शेवटी देतो. पहिले दोन प्रश्न मात्र एकमेकांत असे गुंतलेले आहेत की आधी तो गुंता सोडवल्याशिवाय कोणतेही उत्तर अर्धेमुर्धेच राहील.

मी तीसएक वर्षे तुलनात्मक भाषाशास्त्र शिकवले, आणि हिटाइट ही त्यातील माझ्या विशेष अभ्यासाची भाषा होती. मी उत्खनन करणारा नव्हे, जनुकशास्त्रज्ञ तर नाहीच. त्यामुळे पुढे भाषेच्या पुराव्याला थोडे अधिक माप पडलेले दिसले, तर तो माझ्या पेशाचा दोष समजावा.

खरी अडचण ‘कुठून आले’ या शब्दांत आहे. एक जमात होती, ती कुठूनतरी निघाली, अनातोलियात म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या आशियाई भागात उतरली आणि तिने राज्य स्थापन केले, असे चित्र या शब्दांमागे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात भाषा कुठून आली, माणसे कुठून आली आणि राज्य कुठे उभे राहिले, हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत आणि हिटाइटांच्या बाबतीत त्यांची उत्तरेही निरनिराळी आहेत. याचा सर्वांत सोपा पुरावा त्यांच्या नावातच सापडतो. ते स्वतःला ‘हत्ती देशाची माणसे’ म्हणत (आपल्या हत्तीशी या शब्दाचा काही संबंध नाही), परंतु आपल्या भाषेला ते ‘हत्तिली’ म्हणत नसत. ‘हत्तिली’ ही त्यांच्या आधीपासून त्या भूमीत राहणाऱ्या हत्ती लोकांची अगदी वेगळी, कोणत्याही इंडो-युरोपीय भाषेशी नाते नसलेली भाषा होती. स्वतःच्या भाषेला ते ‘नेशिली’, म्हणजे नेशा नगराची बोली, म्हणत. देशाचे नाव एका समाजाचे, भाषेचे नाव दुसऱ्याच शहराचे आणि राजघराणे कुस्सर नावाच्या तिसऱ्याच गावचे, असा हा प्रकार आहे. ज्या लोकांनी स्वतःची ओळख अशी तीन ठिकाणांहून गोळा केली, त्यांचे ‘मूळ गाव’ एका शब्दात सांगता येत नाही.

आधी भाषा घेऊ, कारण तिच्याविषयी आपल्याला बरेच निश्चितपणे बोलता येते. हत्तुशा ही हिटाइट राजधानी अंकाराच्या पूर्वेला, चोरुम प्रांतात, आजच्या बोगाझकाले गावाजवळ आहे. जुन्या पुस्तकांत त्याच गावाचे नाव बोगाझकोय असे येते. १९०६ साली ह्यूगो विंकलर आणि थिओडोर माक्रिदी यांनी तेथे खणायला सुरुवात केली आणि मातीच्या पाट्यांचे ढीग हाती लागले. आजवर मिळालेल्या पाट्या आणि तुकडे मिळून ही संख्या ३० हजारांच्या घरात जाते. लिपी क्यूनिफॉर्म, म्हणजे कीलाकृती, असल्यामुळे अक्षरे वाचता येत होती, पण बहुतेक मजकुराची भाषा समजत नव्हती. १९१५ साली बेड्रिख ह्रोझ्नी या चेक विद्वानाने ती इंडो-युरोपीय असल्याचे जाहीर केले. त्याचे सुप्रसिद्ध वाक्य असे: ‘नु निंदा-अन एत्सातेनि, वातर-म एकुतेनि’. यातील ‘निंदा’ हे भाकरीसाठी वापरलेले सुमेरी चिन्ह आहे, त्यामुळे वाक्यात खाण्याची गोष्ट आहे हे उघड होते. मग ‘एत्सातेनि’मध्ये संस्कृत ‘अद्’ (खाणे) आणि ‘वातर’मध्ये पाणी ओळखू येते: तुम्ही भाकरी खाल आणि पाणी प्याल.

मी वर्गात हे वाक्य फळ्यावर लिहीत असे. विद्यार्थी खूश होत आणि मग मी त्यांना सांगत असे की एवढ्यावर विश्वास ठेवू नका. दोन भाषांत एकसारखा वाटणारा शब्द योगायोगानेही सापडतो किंवा उसनाही घेतलेला असतो. भरवसा ठेवायचा तो उसना घेता येत नाही अशा गोष्टींवर. ‘वातर’ची षष्ठी ‘वितेनश’ अशी होते, म्हणजे शब्दाच्या टोकाचा ‘र’ विभक्तीत जाऊन ‘न’ येतो. हाच विचित्र बदल संस्कृतात ‘ऊधर्’ (गाईची कास) या शब्दाच्या ‘ऊध्नः’ या रूपात दिसतो. क्रियापदांत ‘तो आहे’ म्हणजे ‘एशत्सि’ आणि ‘ते आहेत’ म्हणजे ‘अशन्त्सि’. शेजारी ‘अस्ति’ आणि ‘सन्ति’ ठेवून पाहावे. त्याहून देखणे उदाहरण मारण्याच्या क्रियापदाचे आहे: ‘कुएन्त्सि, कुनन्त्सि’ आणि संस्कृत ‘हन्ति, घ्नन्ति’. एकवचनात स्वर टिकतो आणि अनेकवचनात गळतो, ही मोडतोड दोन्हीकडे एकाच जागी होते. बाजारहाट करता करता कोणी शब्द उचलतो, अशी व्याकरणातली मोड कोणी उचलत नाही. म्हणून हिटाइट आणि संस्कृत एकाच कुळातल्या आहेत, याबद्दल अभ्यासकांत आता वाद नाही.

परंतु एकाच कुळातल्या असणे आणि एक दुसरीपासून निघणे यांत फार अंतर आहे, आणि आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच आहे. हिटाइट भाषेत काही जुन्या गोष्टी अशा शिल्लक आहेत ज्या संस्कृतात आधीच लुप्त झालेल्या होत्या. फेर्दिनां द सोस्यूर याने १८७९ साली केवळ तर्काने असे मांडले होते की मूळ भाषेत काही ध्वनी असले पाहिजेत जे सर्व ज्ञात भाषांतून नाहीसे झाले आहेत. हिटाइट वाचली गेल्यावर १९२७ साली येझी कुरिलोविच याने दाखवून दिले की त्यांपैकी एक ध्वनी हिटाइटमध्ये घशातल्या ‘ह’च्या रूपात जिवंत आहे. संस्कृत ‘अस्थि’ तेथे ‘हश्ताइ’ आहे. संस्कृत ‘अन्ति’ (समोर, जवळ) तेथे ‘हन्ति’ आहे. आणि लुवी या भगिनीभाषेत आपला ‘अवि’, म्हणजे मेंढी, ‘हावि’ आहे. तसेच जेथे संस्कृतात मूळच्या ‘क’चा ‘श’ झाला तेथे हिटाइटने ‘क’च ठेवला: ‘शेते’ (झोपतो, पडलेला आहे) याला समांतर ‘कित्ता’. संस्कृतपासून हिटाइट निघाली असे मानायचे, तर गळून गेलेला ‘ह’ नेमका योग्य त्याच जागी परत कसा उगवला हे सांगावे लागेल, आणि ते कोणालाही सांगता येणार नाही.

याशिवाय हिटाइटमध्ये स्वतंत्र स्त्रीलिंग नाही. सजीव-सामान्य आणि नपुंसक अशी दोनच लिंगे आहेत. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांत स्त्रीलिंग आहे. यावरून बहुतेक अभ्यासक असे मानतात की हिटाइट, लुवी आणि पलाई या अनातोली भाषांची फांदी मूळ खोडापासून सर्वांत आधी वेगळी झाली. संस्कृत आणि ग्रीक यांचे पूर्वज त्यानंतरही काही काळ एकत्र होते. त्यामुळे नाते सांगायचेच झाले तर हिटाइट ही संस्कृतची मुलगी नव्हे आणि आईही नव्हे. फार लवकर वेगळे बिऱ्हाड केलेली ती थोरली चुलती म्हणता येईल.

आता वैदिक देवांकडे येऊ. पहिली दुरुस्ती ही की तो शिलालेख नाही. तो मातीच्या पाटीवर अक्कदी भाषेत, म्हणजे त्या काळच्या परराज्यांशी व्यवहाराच्या भाषेत, लिहिलेला तह आहे. तो हत्तुशाच्या दप्तरात सापडला म्हणून ते देव हिटाइटांचे, असा समज पसरला. पण दप्तरात दोन्ही पक्षांचे कागद असतातच. इ.स.पू. १४ व्या शतकात हिटाइट राजा शुप्पिलुलिउमा पहिला याने उत्तर सीरियातील मितन्नी राज्याला गुडघे टेकायला लावले. मितन्नीचा राजा तुश्रत्त याचा खून झाला, त्याचा मुलगा शत्तिवाझा पळून शुप्पिलुलिउमाच्या आश्रयाला आला, त्याने या मुलाला आपली मुलगी दिली आणि मांडलिक म्हणून गादीवर बसवले. त्या वेळच्या तहाला साक्षी म्हणून दोन्ही बाजूंच्या देवांच्या लांबलचक याद्या जोडलेल्या आहेत. हिटाइट बाजूला अरिन्नाची सूर्यदेवी आणि हत्तीचा वादळदेव आहेत. मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य हे मितन्नीच्या बाजूला आहेत, आणि तेथेही ते यादीच्या अग्रभागी नाहीत, अनेक हुर्री देवांच्या सोबत आहेत.

म्हणजे तो पुरावा खरा आणि मोलाचा आहे, पण तो मितन्नीच्या राजघराण्याचा आहे. मितन्नीत रोजच्या व्यवहाराची भाषा हुर्री होती. तेथे राज्य करणाऱ्या किंवा तेथील रथदळात मानाची जागा असणाऱ्या काही लोकांनी इंडो-आर्य शब्द आणि नावे जपली होती. त्याच राज्यातील किक्कुली नावाच्या अश्वशिक्षकाचा घोडे तयार करण्याविषयीचा ग्रंथ हत्तुशात हिटाइट भाषेत मिळाला आहे. त्यात घोड्याच्या फेऱ्यांची नावे ‘अइकवर्तन्न’, ‘तेरवर्तन्न’, ‘पंझवर्तन्न’, ‘सत्तवर्तन्न’ अशी येतात. एक, त्रि, पंच, सप्त आणि वर्तन हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. ‘सत्त’ पाहून आपल्याला ‘सात’ आणि प्राकृत आठवते आणि मन मोहात पडते. मात्र शेजारच्या भाषेच्या प्रभावानेही असा उच्चार होऊ शकतो, म्हणून त्या एका शब्दावर इमारत उभारू नये. किक्कुलीचा मजकूर हिटाइट भाषेत असूनही घोड्यांच्या तंत्रातील हे शब्द परके म्हणून त्यात उठून दिसतात. हिटाइटांची स्वतःची भाषा तशी असती, तर ते शब्द उसने घेण्याची गरजच पडली नसती.

तेव्हा दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे: हिटाइट इंडो-आर्य नव्हते, त्यांची भाषा भारतातून गेलेली नव्हती, आणि बोगाझकोयच्या तहातील वैदिक देव त्यांच्या पराभूत शेजाऱ्याचे होते.

माणसांचा प्रश्न याहून अवघड आहे, आणि येथे मला माझी एक जुनी चूक कबूल केली पाहिजे. शिकवू लागलो तेव्हा मी जुन्या पुस्तकांप्रमाणे सांगत असे की इ.स.पू. २००० च्या सुमारास रथांवर स्वार झालेले योद्धे अनातोलियात घुसले आणि त्यांनी हत्ती लोकांना जिंकले. हे चित्र नाट्यमय आहे, पण त्याला पुरावा नाही. माझे मत बदलले ते कुलतेपेच्या पाट्या वाचल्यावर. कायसेरी शहराजवळील कुलतेपे म्हणजेच प्राचीन कानेश, आणि कानेश म्हणजेच नेशा. इ.स.पू. २० व्या ते १८ व्या शतकांत तेथे तैग्रिसकाठच्या अश्शूर नगराच्या व्यापाऱ्यांची ‘कारुम’, म्हणजे वखार किंवा पेठ म्हणू या, होती. हजारएक किलोमीटरांवरून गाढवांचे तांडे कथील आणि लोकरी कापड घेऊन येत आणि सोने-चांदी घेऊन परत जात. एका गाढवावर साधारण ६५ किलो कथील लादलेले असे. कथील आणि तांबे मिळून कासे होते, म्हणून अनातोलियातील प्रत्येक लहानमोठ्या राजाला या तांड्यांची गरज होती. या व्यापाऱ्यांच्या घरांतून २० हजारांहून अधिक पाट्या मिळाल्या आहेत: उधारीच्या नोंदी, तक्रारी, बायकोची नवऱ्याला पत्रे, जकात चुकवण्याच्या युक्त्या.

पाट्यांची भाषा अश्शुरी आहे, पण तिच्यात स्थानिक लोकांची नावे येतात, आणि त्यांतली कित्येक हिटाइट आहेत. ‘शुपिअहशु’ हे पुरुषाचे नाव आणि ‘शुपिअहशुशर’ हे स्त्रीचे. शेवटचा ‘शर’ हा हिटाइट भाषेतील स्त्रीवाचक प्रत्यय. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अश्शुरी व्यापारी स्वतःच्या पत्रांत काही हिटाइट शब्द वापरू लागले होते: ‘इश्पत्तलु’ म्हणजे रात्रीचा मुक्काम आणि ‘इशहिउलु’ म्हणजे करार. कोणत्याही इंडो-युरोपीय भाषेचे निर्विवाद लेखी उल्लेख यापेक्षा जुने मिळालेले नाहीत. आपल्या जुन्या दप्तरांत फारसी शब्द दिसले की ज्या व्यवहारातून ते आले तो व्यवहारही दिसतो, तसेच हे आहे. नेशात हिटाइट बोलणारी माणसे बाजारात, घरांत आणि करारमदारांत आधीच मुरलेली होती, हत्ती नावांच्या आणि हुर्री नावांच्या शेजाऱ्यांबरोबर राहत होती आणि त्यांच्याशी सोयरीक करत होती. नव्याने चढाई करून आलेल्यांची ही वागणूक नव्हे. भाषा तेथे पोचून कित्येक पिढ्या, बहुधा हजारएक वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लोटला असला पाहिजे, कारण हिटाइट, लुवी आणि पलाई यांच्यात एवढा फरक पडायलाच तितका अवधी लागतो.

ती पोचली कोणत्या वाटेने? हे आपण कोणत्या पुराव्याला किती वजन देतो यावर अवलंबून आहे. पूर्वी बहुतेकांचा कल पश्चिमेकडून, बाल्कन प्रदेशातून आलेल्या वाटेकडे होता, कारण लुवी भाषेचा मोठा पसारा पश्चिमेला आणि दक्षिणेला आहे. प्राचीन जनुकांच्या अभ्यासाने चित्र पालटले. काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशातील यम्नाया लोकांचा जो ठसा युरोपात सर्वत्र दिसतो, तो कांस्ययुगीन अनातोलियाच्या अवशेषांत जवळजवळ दिसतच नाही, असे २०१८ आणि २०२२ च्या अभ्यासांत आढळले. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने असे मांडले की कॉकेशस आणि व्होल्गा नदीचा खालचा भाग यांच्या दरम्यान राहणाऱ्या एका जुन्या लोकसमूहाचा वारसा यम्नायांत मोठ्या प्रमाणात, सुमारे चार पंचमांश, आहे, आणि त्याच समूहाचा निदान एक दशांश वाटा मध्य अनातोलियातील कांस्ययुगीन माणसांत आहे, जो बहुधा पूर्वेकडून आला. म्हणजे संस्कृत, ग्रीक वगैरे भाषांचा आणि हिटाइटचा समाईक पूर्वज त्या समूहात शोधावा लागेल.

या आकड्यांकडे पाहताना एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. एक दशांश वारसा बाहेरचा म्हणजे नऊ दशांश तेथलाच किंवा आसपासचा. हत्तुशातील हिटाइट भाषिक शेतकऱ्याचे बहुतेक पणजोबा-खापरपणजोबा अनातोलियाचेच होते. भाषा थोड्यांबरोबर आली आणि पुष्कळांनी ती स्वीकारली. हाडांच्या जनुकांत भाषा कोरलेली नसते, त्यामुळे स्वीकारण्याची ही प्रक्रिया नेमकी कशी घडली हे जनुके सांगत नाहीत.

राज्याचा उदय मात्र आपल्याला त्यांच्याच शब्दांत वाचता येतो. इ.स.पू. १८ व्या शतकात कुस्सरचा राजा पिथाना याने रात्री हल्ला करून नेशा घेतले. त्याचा मुलगा अनित्ता याच्या नावाच्या लेखात म्हटले आहे की राजाने नेशाच्या रहिवाशांना इजा केली नाही, त्यांना आईबाप मानले. मग अनित्ताने एकेक राज्य जिंकले आणि उपासमारीने खचलेले हत्तुशा रात्री चढाई करून घेतले, तेथे रानतण पेरले आणि शाप दिला की माझ्यामागून जो राजा हे नगर पुन्हा वसवील त्याला आकाशातील वादळदेव तडाखा देवो. पुरुशखंदाच्या राजाने त्याला लोखंडाचे सिंहासन आणि लोखंडाचा राजदंड नजर केला. त्या काळी लोखंड सोन्याहून दुर्मिळ होते, म्हणून ही भेट शरणागतीची आहे. (हिटाइटांनी लोखंडी शस्त्रांच्या जोरावर साम्राज्य उभारले, ही अजून पुस्तकांत फिरणारी कथा याच गैरसमजातून पोसली गेली, त्यांची फौज काशाच्याच शस्त्रांनी लढत होती.) अनित्ता केवळ दंतकथा नव्हे. कुलतेपेला ‘राजा अनित्ताचा वाडा’ अशी अक्षरे कोरलेले काशाचे पाते सापडले आहे. अंकाराच्या वस्तुसंग्रहालयात त्यासमोर मी बराच वेळ उभा होतो. हातभर लांबही नसलेल्या त्या पात्याने एका राजाला कथेतून इतिहासात आणले.

त्या लेखातील दोन देव मला सर्वाधिक बोलके वाटतात. अनित्ता नेशातून पळवून नेलेली ‘आमच्या शिउ’ची मूर्ती परत आणतो, ‘शिउ’ हा आपल्या ‘द्यौस्’चा आणि ग्रीक ‘झ्यूस’चा सख्खा. पण हत्तुशा त्याच्या हाती कोण देते? हलमशुइत्त, म्हणजे हत्ती लोकांची सिंहासनदेवी. नगर जिंकणारा राजा, त्या नगराच्या देवीनेच ते मला दिले, असे सांगतो. पुढे हिटाइट राज्याच्या अखेरपर्यंत ही रीत टिकली. राजपुरोहित हत्ती भाषेत मंत्र म्हणत राहिले, राजाची ‘लाबर्ना’ आणि राणीची ‘तवनन्ना’ ही बिरुदे चालू राहिली, आणि जिंकलेल्या प्रत्येक देशाचे देव राजधानीत येऊन बसत गेले, इतके की ते स्वतःच ‘हत्तीचे हजार देव’ असा शब्दप्रयोग करत.

अनित्ताचा शाप मोडला तो त्याच्याच कुस्सरहून निघालेल्या एका राजाने, इ.स.पू. सुमारे १६५० मध्ये. (या जुन्या काळातील वर्षे ‘मध्यम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कालगणनेप्रमाणे दिली आहेत, दुसरी एखादी गणना धरली तर ती पन्नाससाठ वर्षे मागेपुढे सरकतात.) त्याने ओसाड हत्तुशा राजधानी केले आणि स्वतः हत्तुशिली, म्हणजे हत्तुशाचा, हे नाव घेतले. ती जागा प्रत्यक्ष पाहिल्यावर शापापेक्षा भूगोल का जिंकला हे कळते. उभे कडे, दऱ्या, बारमाही झरे, भोवती किझिलिर्माक नदीचा मोठा वळसा. समुद्र दूर आणि हिवाळ्यात बर्फ, पण शत्रूला वर चढणे कठीण. मी गेलो तेव्हा वसंत सुरू झालेला असूनही सिंहद्वारापाशी वाऱ्याने उभे राहवत नव्हते.

हत्तुशिलीने दक्षिणेकडे तोंड वळवले, तॉरस पर्वत ओलांडून उत्तर सीरियात स्वाऱ्या केल्या, अलालाख उद्ध्वस्त केले आणि युफ्रेटिस ओलांडल्यावर मेसोपोटेमियातील प्राचीन सम्राट, अक्कदचा सार्गोन, याच्याशी स्वतःची तुलना केली. येथे एक बारीक पण फार मोठा अर्थ असलेली गोष्ट आहे. कानेशच्या अश्शुरी व्यापाऱ्यांनी दोन शतके अनातोलियात लिहिले, तरी हिटाइटांच्या अक्षरांचे वळण त्या व्यापाऱ्यांचे नाही. ते उत्तर सीरियातील लेखनिकांचे आहे. बहुधा या स्वाऱ्यांमध्येच लेखनिक हत्तुशाला आणले गेले. त्यांच्याबरोबर दप्तर आले, आणि दप्तर आल्यावरच टोळीप्रमुखाच्या सत्तेचे राज्य बनते.

आजारी हत्तुशिलीने कुस्सरला सरदारांसमोर केलेले वारसाविषयीचे भाषण अक्कदी आणि हिटाइट अशा दोन्ही भाषांत मिळाले आहे. बहिणीच्या मुलाला त्याने वारस केले होते, पण मी आजारी असताना त्याने डोळ्यांतून एक टिपूस काढले नाही, तो थंड आहे आणि आपल्या आईचे, त्या सापिणीचे ऐकतो, अशी त्याची तक्रार आहे. त्याला दूर करून त्याने मुर्शिली या कोवळ्या नातवाला दत्तक घेतले. त्या काळातले इतके खाजगी राजकीय भाषण मला दुसरीकडे वाचायला मिळाले नाही. मुर्शिलीने आजोबाचा विश्वास सार्थ केला: त्याने हलपा म्हणजे आलेप्पो घेतले, तेथून युफ्रेटिसच्या काठाने खाली उतरून इ.स.पू. १५९५ मध्ये बाबिलोन लुटले आणि हम्मुराबीचा वंश संपवला. बाबिलोन त्याने ताब्यात ठेवले नाही, ठेवणे शक्यही नव्हते. परतल्यावर मेहुणा हंतिली याने त्याचा खून केला आणि पुढल्या काही पिढ्या घराण्यात रक्तपात चालला.

साम्राज्य का वाढले, याचे हिटाइटांचे स्वतःचे उत्तर तेलिपिनु राजाच्या इ.स.पू. १५०० च्या आसपासच्या फर्मानात आहे. आरंभीच्या प्रत्येक राजाविषयी तो म्हणतो की त्याचे मुलगे, भाऊ, सोयरे आणि सैन्य एकत्र होते, म्हणून देश लहान असूनही समुद्रापर्यंत सरहद्द गेली. मग भाऊबंदकी सुरू झाली आणि सारे हातचे गेले. म्हणून त्याने नियम घातला: गादी पट्टराणीच्या मुलाला, तो नसेल तर दुसऱ्या दर्जाच्या राणीच्या मुलाला, मुलगाच नसेल तर पट्टराणीच्या मुलीच्या नवऱ्याला. मला हे उत्तर निम्मे पटते. उरलेले निम्मे त्यांनी घडवलेल्या करारपद्धतीत आहे. कानेशच्या व्यापाऱ्यांनी उचललेला ‘इशहिउल’ हा शब्द मूळ ‘बांधणे’ या धातूचा. संस्कृत ‘सिनाति’ आणि ‘सेतु’ त्याचे नातेवाईक. हाच शब्द पुढे हिटाइट राजांच्या मांडलिकांशी केलेल्या तहांचे नाव झाला. प्रत्येक तहाच्या आरंभी मागचा इतिहास, उपकारांची आठवण, मग अटी, मग साक्षी देव आणि शाप. जिंकलेल्या प्रदेशावर फौज बसवण्याऐवजी तेथल्याच राजाला अशा तहाने बांधायचे आणि पराभूतांतील हजारो लोक आणून आपल्या ओस जमिनींवर वसवायचे, या दोन उपायांवर शुप्पिलुलिउमाने मितन्नी मोडले, आणि या पायावर पुढे इ.स.पू. १२७४ मध्ये सीरियातील कादेशला इजिप्तचा राजा रामसेस दुसरा याच्याशी झुंज आणि १२५९ मध्ये त्याच्याशी बरोबरीच्या नात्याने तह झाला. या सगळ्यात आरंभीच्या प्रश्नाचे उत्तरही येऊन गेले: हिटाइट म्हणून कोणी तयार होऊन आले नाही, नेशाची भाषा, कुस्सरचे घराणे, हत्ती लोकांची भूमी व देव आणि सीरियातील लेखनिक यांतून ते अनातोलियातच घडले.

राहिला बायबलचा प्रश्न. इ.स.पू. ११८० च्या सुमारास हत्तुशा ओस पडले, पण शुप्पिलुलिउमाने आपल्या मुलाला दिलेली युफ्रेटिसकाठची कार्केमिशची गादी टिकली. उत्तर सीरियात अशी अनेक लहान राज्ये राहिली. त्यांचे राजे लुवी भाषेत, चित्रलिपीत शिलालेख कोरत (शिलालेख हा शब्द येथे मात्र बरोबर आहे) आणि अश्शुरी लोक त्या साऱ्या प्रदेशाला ‘हत्ती’च म्हणत. बायबलातील ‘हित्ती लोकांचे राजे’ हे बहुतांशी या उत्तरकालीन राज्यांचे राजे असावेत, आणि दावीदच्या सैन्यातील उरीया हित्ती याच्या नावामागचा उल्लेखही त्याच काळाशी जुळतो. अब्राहामाला हेब्रोनजवळ पत्नीच्या दफनासाठी जमीन विकणाऱ्या हित्तींचा संबंध हत्तुशाशी जोडणे मात्र मला धाडसाचे वाटते. अनातोलियाच्या राज्याची सत्ता इतक्या दक्षिणेला कधी पोचली नव्हती. कार्केमिश शेवटी इ.स.पू. ७१७ मध्ये अश्शूरच्या सार्गोन दुसऱ्याने घेतले, आणि तेथल्या रहिवाशांना हलवून आपली माणसे वसवली.